भाड्याचा मॉडेम आणि मस्कतचे शुक्रवार

त्या मॉडेमचं नाव काढलं की आजही माझं डोकं उठतं. काळा, चपटा, पाठ्यपुस्तकाएवढा डबा. समोर पाच दिवे आणि मागं एक जाड काळी वायर. तो आमचा नव्हता, केबलवाल्याचा होता. खालच्या बाजूला त्यानं कागदाचं सील चिकटवलेलं. ते फाटलं तर अनामत गेली म्हणून समजायचं. भाडं आम्ही द्यायचं, धूळ आम्ही पुसायची, उन्हाळ्यात टेबलफॅन लावून त्याला गार आम्ही ठेवायचं, आणि बिघडला की वर ऐकूनही आम्हीच घ्यायचं, "तुमी काय केलं का त्याला, बाई?" मी पुण्याहून स्वतःचा चांगला मॉडेम विकत आणते म्हटलं, तर तेही नाही. त्याच्या लाइनवर त्याचाच डबा चालणार. त्या डब्याला एकच कॉम्प्युटर जोडायचा, तोही त्याच्या वहीत नोंदवलेला. आमचा कॉम्प्युटर एकदा दुरुस्तीला गेला आणि मी शाळेतल्या एका सहकाऱ्याचा मागून आणला, तर चार दिवस नुसते दिवे बघत बसलो.

तेव्हा दोन हजार सालाला पाच-सहा वर्षं उलटून गेली होती. दौंडला रेल्वे लाइनीच्या अलीकडं आमचं दोन खोल्यांचं घर. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, शाळा सकाळची. वडील लवकर गेले होते. आईनं केडगावला मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं आणि गुडघे बोलायला लागल्यावर ती माझ्याकडं राहायला आली. धाकटी बहीण नर्स. तिला मस्कतच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, तीन वर्षांचा करार. ती गेली आणि आईनं आठच दिवसांत मला सांगितलं, "फोनवर निस्ता आवाज येतो गं. पोरीचं तोंड दिसाय पायजे. आन् तिला बी माझं दिसाय पायजे." आईनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. हे मागितलं, म्हणून मी कॉम्प्युटर घेतला, त्यावर कॅमेरा बसवला आणि तो डबा घरात आणला.

बहिणीला सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी दुपारी दोनला आम्ही बसायचो. आई त्या दिवशी अकरापासूनच तयार. इस्त्रीची साडी, केसांना तेल, पावडरचा हात. आम्ही ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो. मी म्हणायची, "अगं, देवळात चाललीस का?" तर म्हणायची, "गप बस. तुला काय, तू तर रोजच दिसती मला."

आणि मग तो डबा आपले गुण दाखवायचा. आम्हाला बहीण दिसायची, बऱ्यापैकी दिसायची. हसली की हसताना दिसायची. तिला मात्र आम्ही दिसायचो नाही. तिच्याकडं आईचे नुसते चौकोन. एक चित्र यायचं आणि तसंच थांबायचं. आई बोलत असायची आणि तिकडं तिचा डोळे मिटलेला फोटो. बहीण म्हणायची, "ताई, आई झोपलीये का?" आई इकडं ओरडायची, "आगं जागी हाय की मी! बोलतीय की तुझ्याशी!" मग दोघी हसायच्या, पण नंतर आईचं तोंड उतरायचं. माझी मान खाली जायची. एवढं करून तिचं अर्धंच मागणं पुरं झालं होतं.

केबलवाला हा आमच्याच भागातला तिशीतला माणूस. मोटारसायकलवर वायरीची वेटोळी घालून फिरायचा. मनानं वाईट नव्हता, पण त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "लाइन क्लिअर हाय, बाई. तुमच्या कॉम्प्युटरमधीच असंल काईतरी." मी कॉम्प्युटरवाल्याकडं जायची, तो म्हणायचा कॉम्प्युटर उत्तम आहे, मॉडेमच जुना आहे. परत केबलवाला. मग एकदा तो खरं बोलला. म्हणाला, "खाली यायला रस्ता मोठा हाय, बाई. वर जायला या डब्याला पायवाटच ठेवलीय. गाणी-बिणी उतरवून घ्या, एक नंबर चालंल. फोटो वर पाठवायचं म्हंजी आवघडच." मी म्हटलं, आम्हाला गाणी नकोत, आम्हाला आमची आई वर पाठवायची आहे. तो म्हणाला, "मंग डबा बंद करून पाच मिन्टांनी चालू करा."

पाच मिनिटं हे त्याचं दुसरं औषध. घड्याळाकडं बघण्याऐवजी आई डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायची. पाच वेळा म्हटली की ती डोळे उघडून सांगायची, "लाव आता." कधी लागायचं. बहुतेकदा नाही.

त्यात लाइटीची तऱ्हा. त्या वर्षांत भारनियमन म्हणजे रोजचंच मरण होतं. मी पदराला खार लावून इन्व्हर्टर घेतला. वाटलं, आता लाइट जावो नाहीतर राहो. तर पहिल्याच शुक्रवारी लाइट गेली, कॉम्प्युटर चालू, डबा चालू, आणि नेट बंद! चौकशी केली तेव्हा ही भानगड कळली. केबलवाले गल्लीगल्लीत कुणाच्या तरी भिंतीवर एक पेटी बसवतात, लाइन पुढं ढकलणारी. तिला वीज त्या घरातली, आणि बदल्यात त्या घराला केबल फुकट. आमच्या गल्लीची पेटी होती एका आप्पांच्या घरी. आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले आणि अतिशय काटेकोर. दुपारी झोपताना ते घरातलं प्रत्येक बटण बंद करायचे. मुलीकडं बारामतीला जायचे तेव्हा मेन स्विच पाडून, दोन कुलपं लावून जायचे. आप्पा बारामतीला गेले की आमच्या गल्लीचं जग बंद. मी त्यांना हात जोडून म्हटलं, "आप्पा, शुक्रवारी दोन ते तीन तेवढी पेटी चालू ठेवा." ते म्हणाले, "आवो बाई, झोपेच्या वख्ताला घूं घूं करती ती. न्हाई तर घेऊन जावा तुमच्याकडं."

आणि मी मूर्ख, आणली! केबलवाल्याला सांगितलं, बसव माझ्या भिंतीवर, माझ्याकडं इन्व्हर्टर आहे. त्याला आनंदच झाला. त्या दिवसापासून माझं घर गल्लीचं केबल ऑफिस झालं. चित्र हललं की कडी वाजायची. मॅच थांबली की कडी, मालिकेत मुंग्या आल्या की कडी. "बाई, तुमची पेटी चालू हाय ना?" माझी पेटी! शाळेत पोरांशी डोकं फोडून यावं आणि दारात चार बाया उभ्या. केबलवाला तर घरचाच झाला. आठवड्यातून दोनदा तरी स्टुलावर चढून पेटी उघडायचा आणि आईच्या हातचा चहा पिऊन जायचा.

तरी चौकोन तसेच. पेटी घरात आली तरी डबा तोच ना! मग कुणीतरी सांगितलं की डबे बदलून देणारं वरचं ऑफिस शिरूरला आहे. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मॉडेम टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि एसटीनं शिरूर गाठलं. दीड-दोन तास धक्के खात मांडीवर त्या पिशवीला बाळासारखं धरून बसले. तिथल्या माणसानं पिशवीत नुसतं डोकावून बघितलं आणि म्हणाला, "गिऱ्हाइकानं आणायचा नसतो. ऑपरेटरनं आणायचा." मी म्हटलं, अहो, डबा तोच, बिघाड तोच, आणणारा कोण यानं काय फरक पडतो? तो म्हणाला, "सिस्टीम आहे मॅडम." तसाच टॉवेल, तशीच पिशवी, परतीची एसटी. घरी आल्यावर मी आईसमोर रडले. आई म्हणाली, "जाऊ दे. मला ती दिसती ना, बास झालं." बास झालं नव्हतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आईच्या पोटात दुखायला लागलं. आधी घरचे उपाय, मग गावातला डॉक्टर, मग पुणे. गाठ निघाली. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं, औषधं सलाइनमधून द्यायची ठरलं. दर तीन आठवड्यांनी तिला धरून रेल्वेनं पुण्याला न्यायचं आणि परत आणायचं. पहिल्याच वारीच्या परतीला, गाडी केडगावला थांबली असताना, आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तिला सांगायचं न्हाई."

आमच्याकडं ही रीतच. लांबच्या माणसाला दुखणं कळवायचं नाही. तिथं बसून ते काय करणार, नुसता जीव जाळणार, म्हणून. बरं, आईला स्वतःला याचाच चटका बसलेला. तिची आई गेली तेव्हा तिला असंच दोन दिवसांनी कळवलं होतं, आणि त्यावरून तिनं भावांशी जन्मभर अबोला धरला होता. मी तिला त्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "ती येगळी गोष्ट. हिचा करार मोडला तर हिला परत कोण घील? यवढं शिकली ती." मी खूप भांडले. शेवटी ती रडायला लागली, तेव्हा मी हात टेकले.

आणि गंमत बघा, ज्या डब्याला मी दोन वर्षं शिव्या घातल्या, तो आता उपयोगी पडायला लागला. आई वाळत चालली, केस गेले, पदर डोक्यावर आला, आणि मस्कतला सगळे चौकोनच चौकोन. बहीण विचारायची, "आई, कशी आहेस?" आई म्हणायची, "झ्याक." आवाज तेवढा ती कुठून आणायची देव जाणे. बोलणं संपलं की तासभर भिंतीकडं तोंड करून पडायची.

केबलवाल्याला अर्थातच कळलं. पेटीसाठी घरात येतो, त्याच्यापासून काय लपणार? आई झोपलेली असताना बायका कडी वाजवतात हे त्यानं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून आमच्या दाराला अडकवलं: "आजी आजारी आहेत. कडी वाजवू नये. केबलसाठी मला फोन करणे." खाली त्याचा नंबर. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. एवढ्यावर तो थांबला नाही. आजींना पोरगी नीट दिसावी म्हणून स्वतः शिरूरला गेला, वरच्या ऑफिसात भांडला आणि नवा मॉडेम घेऊन आला. पांढराशुभ्र. लावला आणि छाती फुगवून म्हणाला, "आता वर जायला बी डांबरी रस्ता, बाई!"

मी त्याला नको म्हणू शकले असते. म्हटलं नाही. मला वाटलं, बघू दे तिला. मी सांगणार नाही, पण दिसलं तर दिसलं. खरं सांगायचं तर मला कुणीतरी ते ओझं खाली उतरवायला हवं होतं.

त्या शुक्रवारी बहीण एकदम म्हणाली, "अय्या, आई! आज किती स्पष्ट दिसतेस!" आई दचकली. "घरात डोक्यावर पदर कशाला घेतलास?" आई म्हणाली, "पंखा लागतोय डोक्याला." "आणि वाळलीस किती! हात दाखव बघू, वर कर." नर्सच ती. आईच्या मनगटावर सलाइनच्या सुयांचे काळे-निळे डाग होते. आईनं हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "दूध उतू चाललंय," आणि उठून गेली. दूध नव्हतंच गॅसवर. आतून मला खुणेनं बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बंद कर त्यो डबा. तिला म्हण, बिघाडला." मी तिच्या तोंडाकडं बघितलं. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मी बाहेर आले आणि वायर काढली.

मग फोनवर सांगितलं, नवा डबाही बिघडला. तिला लगेच पटलं. दोन वर्षं मी खरं रडत होते तेव्हा कुणी ऐकत नव्हतं, आणि खोटं मात्र एका दमात खपलं! पुढं दर शुक्रवारी फोन. "ताई, झाला का दुरुस्त?" "नाही गं. तो लक्षच देत नाही मेला." बिचाऱ्या केबलवाल्याला मी मनसोक्त बदनाम केलं. एक झालं, दोन झाले, असे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. आई आता उठून बसायचीही नाही. फोन तिच्या कानाला मीच धरायची.

एक दिवस शाळेतून आले तर केबलवाला ओट्यावर बसलेला. उठला आणि म्हणाला, "बाई, माझ्या हातनं काय चूक झाली का? मस्कतहून ताईंचा फोन आलता मला."

त्याचा नंबर आमच्या घरात सगळ्यांनाच पाठ होता. माझ्या बहिणीनं माझी कीव येऊन, माझ्या वतीनं त्याला झापायला फोन केला होता. म्हणाली, माझी म्हातारी आई तिथं वाट बघते आणि तुम्ही एक डबा दुरुस्त करत नाही? लाज वाटत नाही? आता तो स्वाभिमानी माणूस. त्यानं सरळ सांगितलं, "ताई, नवा डबा मी सोता शिरूरहून आणलाय. लाइन एकदम क्लिअर हाय, आत्ता तपासली. आजींचं पुण्याला सलाइन सुरू झालं तवाच म्हटलं, त्यास्नी पोरगी नीट दिसाय पायजे." पलीकडून फोन तिथंच बंद झाला, म्हणाला. त्याला वाटलं, फोन कटला.

मी त्याच्यावर चिडणार होते, पण कोणत्या तोंडानं? आत गेले तेवढ्यात फोन वाजला. तिनं नेहमीसारखं ताई म्हटलं नाही. म्हणाली, "केबलवाल्याला माहीत आहे. मला नाही." एवढंच बोलली आणि ठेवला.

पाचव्या दिवशी ती आली. दारावरचा पुठ्ठा तिनं बॅग हातात धरूनच वाचला. सबंध गल्लीला ठाऊक होतं, वाचता येणाऱ्या प्रत्येकाला. आत आली आणि आईच्या कॉटजवळ खाली बसली. आईनं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं आणि मला म्हणाली, "सांगितलंस व्हय तिला?" मी म्हटलं, "मी नाही गं. केबलवाल्यानं." आईला हसू आलं. हसताना खोकला आला, पण हसली. मग बहिणीच्या तोंडावरून हात फिरवत बसली, कितीतरी वेळ. तिचं मागणं तेवढंच तर होतं.

आई त्यानंतर नऊ दिवस होती. बहिणीनं तिचं सगळं केलं, मला हातही लावू दिला नाही. चादर बदलणं, अंग पुसणं, औषधं. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मातीला सगळी गल्ली आली, आप्पा आले, केबलवाला तर सकाळपासून राबत होता. त्याचे तिनं दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले.

जायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती आणि मी साड्यांच्या घड्या घालून देत होते. मान वर न करता म्हणाली, "तेरा शुक्रवार झाले, ताई. मी मोजलेत. डबा चांगला होता, लाइन चांगली होती. मी काही विचारलं नसतं गं. रडले पण नसते. नुसती बघत बसले असते तिला. तू माझे तेरा शुक्रवार घेतलेस."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आईनंच सांगितलं वायर काढायला, मी नाही. एका वाक्याचं काम होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, वाट बघितल्यासारखं, आणि मी हातातली घडी उलगडून परत घातली. म्हटलं, आईवर रुसून ही काय करणार, कुठं जाऊन विचारणार तिला? मी आहे, माझ्याशी भांडता तरी येईल.

म्हणजे परत एक गोष्ट तिच्यापासून लपवलीच की मी. रीत काही सुटत नाही. तिचा करार केव्हाच संपला, ती इकडं आली, लग्न झालं, पोरं मोठी झाली. सणावाराला भेटतो, जेवतो. पण माझ्याशेजारी बसली की तिचं बोलणं अजूनही कामापुरतंच असतं.